घरातली परकी बाई

माझ्याकडे कुणी आपणहून येत नाही, आणलं जातं. भाऊ आणतो, मेहुणा आणतो, नाहीतर गावातला एखादा गाडीवाला माणूस. जालन्यात मानसोपचाराचा दवाखाना चालवायला लागून मला वीसेक वर्षं झाली, आणि पहिल्यापासून माझ्या वाट्याला दुहेरी आजाराची माणसंच जास्त आली. दारू तर असतेच, पण तिच्या खाली दुसरंही काही असतं. घरच्यांना दारू तेवढी दिसते. एवढी दारू सोडवा म्याडम, बाकी माणूस लाखात एक हाय, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. दारू आठ-दहा दिवसांत अंगातून जाते. मग खालचं वर येतं, आणि ते काय आहे हे तोपर्यंत ना घरच्यांना माहीत असतं ना मला.

या माणसाच्या बाबतीत ते पहिल्याच दिवशी वर आलं होतं. मलाच ते ओळखता आलं नाही.

त्याला त्याच्या थोरल्या भावानं आणलं होतं. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. भाऊ गावाकडे शेती बघायचा आणि हा लग्नाआधीपासून इथं एमआयडीसीत, सळया काढणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये. आधी चिमट्यावर, म्हणजे लालभडक लोखंड चिमट्यानं धरून पुढच्या रोलरात घालायचं काम, आणि पुढे फोरमन. पंचेचाळिशीचा, उंच, भुवया भट्टीच्या धगीनं विरळ झालेल्या. भावाच्या पलीकडे त्याची बायको बसली होती, डोक्यावरून पदर, नजर खाली. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरं भाऊच देत होता. मध्येच भावाला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, तेव्हा पेशंट टेबलावरून पुढे वाकला आणि हळू आवाजात, अगदी अदबीनं म्हणाला, "म्याडम, या बाई कोण हेत?"

तुमच्या मिसेस आहेत ना, मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, माझी चूक झाली याचं मला वाईट वाटू नये अशा बेतानं. "न्हाई. सगळे तसंच म्हणून राह्यले. तुम्ही तरी बराबर बघा."

मी बघितलं. ती बाई मान खाली घालून बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. हे तिला नवीन नव्हतं, एवढं त्यावरून कळायला हवं होतं. मी मात्र नशेतलं बोलणं समजून कागदावर एक ओळ लिहिली आणि त्याला भरती करून घेतलं.

दारू एकदम थांबली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसाला नको ते दिसतं. त्यालाही दिसलं. भिंतीवरून जाणारी मुंग्यांची रांग, पलंगाखाली बसलेलं कुणीतरी. सहाव्या दिवशी मुंग्या गेल्या, पलंगाखालचाही गेला. तो पोटभर जेवायला लागला, पेपर वाचायला लागला, वार-तारीख अचूक सांगायला लागला. ती बाई मात्र परकीच राहिली.

मी त्याला विचारलं की तिच्यात नेमकं वेगळं काय आहे. तो एकेक करून सांगायला लागला. हनुवटीवरचं गोंदण तेच होतं. डाव्या मनगटावर तेल उडाल्याचा डाग होता, तोही तिथंच होता. आवाज तोच. "कुणी तरी लई मेहनत घेतली," तो म्हणाला. "पण बावीस वर्षं एका घरात राह्यलो मी तिच्यासंगं. ही ती न्हाई."

कधीपासून, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. शिफ्ट संपवून सकाळी घरी आला, कडी वाजवली, आणि दारात ही उभी होती.

या आजाराला आमच्या पुस्तकात नाव आहे. डोळ्यांना चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस दिसल्यावर आतून जे काही जागं व्हायचं ते होत नाही. मग मन स्वतःची समजूत घालतं की चेहरा तिचा आहे, माणूस दुसरं आहे. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. माझ्यासमोर मात्र एक शांत, धुतलेले कपडे घातलेला माणूस बसला होता, आणि तो इतक्या खात्रीनं बोलत होता की संध्याकाळी घरी जाताना मी फाटकापाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळून पाहिलं. मला काय पाहायचं होतं, ते आज सांगायलाही अवघड वाटतं.

मी दोन गोळ्या सुरू केल्या. एक दारूची ओढ कमी करणारी आणि दुसरी हा भ्रम उतरवणारी. दोन्ही बायकोच्या हातून द्यायच्या, असं ठरवून त्याला घरी सोडलं.

दारू सुटली. अगदी पक्की सुटली. दर पंधरा दिवसांनी तो यायचा, कामावर परत रुजू झाला होता, हातांचा कंप गेला होता. मी त्याचं कौतुक केलं तर म्हणाला, घरात परकी बाई असताना पिऊन जाणं बरं दिसत नाही. त्या बाईंची काही चूक नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. त्यांना कुणीतरी आणून बसवलं असणार. त्याही कुणाच्या तरी असतील.

दुसऱ्या गोळीचा डोस मी दोनदा वाढवला. भ्रम तसूभर हलेना. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले.

एमआयडीसीच्या मागच्या बाजूला त्यांची वसाहत आहे. खिडक्यांच्या गजांवर लोखंडाची काळी धूळ बसलेली असते, आणि मिलमधले दणके घरातल्या भांड्यांपर्यंत पोचतात. उन्हाची वेळ होती, तीन वाजले असतील. तो त्या दिवशी सुट्टीवर होता. बाहेरच्या खोलीत त्याची खाट होती. आतली खोली आणि स्वयंपाकघर तिचं. मी बसल्यावर त्याला पाणी आणायचं होतं, तर तो उठला, स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाला, "बाई, येऊ का?"

"या," आतून आवाज आला.

हे त्यांच्यात रोजचं होतं. तिच्या अंगावर बहिणीची जुनी साडी होती. स्वतःच्या साड्या तिला नेसता येत नव्हत्या, कारण त्या तिच्या नव्हत्या. त्यानं त्या घडी घालून कपाटात ठेवल्या होत्या, ती परत आल्यावर तिला लागतील म्हणून. तिची कंगवा-फणी, तिच्या चपला, सगळं एका बाजूला नीट. ही बाई त्याच घरात पाहुणीसारखी राहत होती आणि त्यातल्या कशालाही हात लावत नव्हती.

चहा झाल्यावर तो खाटेवर बसला, ती उंबऱ्याशी बसली, आणि तिनं मला जणू काही दाखवायचं असावं तसं त्याला विचारलं, "तुमची मंडळी कशी होती, सांगा ना म्याडमला."

आणि तो सांगायला लागला. ती बाजरीची भाकर कशी हातावर थापायची, परात लागायची नाही. लेकीच्या लग्नात सगळ्यांना वाढून झाल्यावर ती मांडवामागे जाऊन एकटीच जेवली होती, आणि ते त्यानं पाहिलं होतं, पण तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला वडीगोद्रीच्या माहेरची आठवण आली की ती भांडी घासलेली परत घासायची. तो बोलत होता आणि ती स्वतःबद्दल ऐकत होती, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, गेलेल्या माणसाबद्दल ऐकावं तशी. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, पण बोलणं चौथ्या माणसाबद्दल चाललं होतं, आणि ते माणूस माझ्यासमोर बसलं होतं.

मग तो थांबला आणि खाली बघून म्हणाला, "तिला मी लई मारलं, बाई. पिऊन मारलं. तुम्हाला सांगायला काय हरकत हाय, तुम्ही कुठं तिच्या वळखीच्या."

ती कप उचलून आत गेली. मी तिच्या मागे गेले.

स्वयंपाकघरात तिनं न विचारताच मिठाच्या बरणीमागून एक डबा काढला. दुसऱ्या गोळीच्या सगळ्या पाकिटांतली एकही गोळी फोडलेली नव्हती. दारूची गोळी ती रोज वेळेवर देत होती. ही दुसरी तिनं एकदाही दिली नव्हती.

मी का म्हणून विचारलं, तेव्हा ती हळू आवाजात बोलली, पण अडखळली नाही. "ही गोळी दिली की त्यांना मी वळखू येईन ना?"

हो, म्हटलं, त्यासाठीच आहे.

"मंग मला न्हाई द्यायची. वळख होती तवा बावीस वर्षं मार खाल्ला मी. आता दार वाजवून येतेत. ताट उचलून ठेवतेत. अहो-जाहो करतेत. ते परक्या बाईला कधीच मारणार न्हाईत, म्याडम. बायकोलाच मारतेत."

मी तिला धोका समजावून सांगितला. हा आजार एका जागी थांबत नाही. आज ती पाहुणी आहे, उद्या त्याला वाटेल की हिनंच आपल्या बायकोचं काही बरंवाईट केलं, आणि मग तो काय करेल याचा भरवसा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि महिनाभराची मुदत मागितली. तिची लेक बाळंतपणाला यायची होती, तेवढे दिवस घरात शांतता असावी, इतकंच तिचं म्हणणं होतं. मी महिना दिला. हे मी कागदावर लिहिलं नाही. त्याच्या भावाला कळवायला हवं होतं, तेही केलं नाही. एवढ्या वर्षांत मी केलेल्या चुकांमध्ये ही मला सगळ्यात जास्त आठवते, कारण ती करताना मला ती चूक वाटतच नव्हती.

लेक आली, नातू झाला, लेक परभणीला परत गेली. आणि मग तो बायकोला शोधायला निघाला.

आधी तो वडीगोद्रीला गेला. सासुरवाडीत मेहुण्याला विचारलं की ती इथं आली का. मेहुण्याला वाटलं, भांडण होऊन बहीण घर सोडून निघून गेली. त्यानं घाबरून फोन लावला, तर फोन बहिणीनंच उचलला. मेहुण्यानं तो फोन त्याच्या कानाला लावला. तो बोलणं ऐकत राहिला, मग फोन परत दिला आणि म्हणाला की या त्या बाई आहेत, त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा. एसटीनं परत येताना त्यानं सगळं जुळवलं. ती माहेरी नाही. लेकीकडे नाही. तिला कुठं जाताना कुणीच पाहिलेलं नाही. आणि पोळ्याच्या दिवशी रात्रपाळीला जायच्या आधी तो खूप प्यायला होता, इतका की त्या दिवशी घरात काय झालं यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं की मी माझ्या बायकोचा खून केला आहे.

ठाण्यातल्या माणसांनी समजूतदारपणे वागून आधी बायकोला बोलावलं. तिला पाहून तो म्हणाला की यांना त्रास देऊ नका, यांना घरच्यांनी आणलंय, मला वाचवायला. मग त्याच्या खिशात माझा कागद सापडला आणि मला फोन आला. मी पोचले तोवर ते त्याला घेऊन त्याच्या घरी गेले होते, कारण पुरलं कुठं तेही त्यानं सांगितलं होतं. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ.

मी गेले तेव्हा तो स्वतःच फावड्यानं खणत होता. हवालदारानं त्याला खणू दिलं होतं. काही निघणार नाही, एकदाचं डोळ्यांनी पाहू दे, असा त्यामागे साधा विचार असावा. अकराचं ऊन होतं. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या, मिलचे दणके चालू होते. मी त्याच्या बायकोच्या शेजारी उभी होते, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. तरीही, मी खोटं कशाला सांगू, फावडं मातीत जाताना दर वेळी मी खड्ड्यात वाकून बघत होते. हातभर खड्डा झाला आणि त्यातून काहीतरी चमकलं.

काचेचे तुकडे होते. हिरव्या बांगड्यांचे. पहिल्यांदा पाच-सात, मग मूठभर, मग प्रत्येक फावड्यागणिक. काही नवे, काही इतके जुने की त्यांचा रंग गेलेला. हवालदार दोन पावलं मागे सरकला. पेशंट खड्ड्यात गुडघ्यावर बसला, त्यानं ते तुकडे हातात घेतले आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहायला लागला. सांगत नव्हतो का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"माझ्याच हेत त्या," त्याची बायको मला म्हणाली. मारहाणीत फुटायच्या. कचऱ्यात टाकल्या तर शेजारणी बघतील म्हणून ती दुसऱ्या दिवशी इथं पुरायची. एवढ्या झाल्या असतील असं तिलाही वाटलं नव्हतं.

त्याला त्याच दिवशी परत भरती केलं. दोन दिवस तो जेवला नाही. खुनी माणसाला कसलं जेवण, म्हणायचा. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "द्या ती गोळी. माझ्या सुखासाठी त्यांना खुनी करून ठेवलं मी. हे बरं न्हाई."

या वेळी मी सगळं लिहून काढलं. तिनं लेकीकडे परभणीला जायचं. तो बरा होईपर्यंत भावाकडे पिंपळगावला राहील आणि गोळ्या भाऊ देईल. तिनं परत यायचं की नाही हे तिनंच ठरवायचं, कुणी घाई करायची नाही. भावाला अंगणातलं सगळं ऐकून मान वर करता येत नव्हती. त्याला मार माहीत होता. इतका माहीत नव्हता.

अडीच महिन्यांनी एका सकाळी दोघं दोन दिशांनी माझ्या दवाखान्यात आले. ती लेकीबरोबर बाकावर बसली होती. तो भावाबरोबर जिना चढून वर आला, तिला पाहून थबकला आणि म्हणाला, "तू कवा आलीस?"

फक्त एवढंच. पण त्या 'तू'बरोबर ती उठली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिनं खुर्चीची पाठ धरली होती आणि खुर्ची थरथरत होती. त्यानं ते पाहिलं. आपली बायको आपल्याला बघून कुणाच्या तरी मागे लपते आहे, हे त्यानं शुद्धीत बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. तो होता तिथंच खाली, फरशीवर बसला. मी न्हाई येत जवळ, असं दोनदा म्हणाला.

ती लगेच घरी गेली नाही. आणखी सात-आठ महिने गेले. मग गेली. त्याला आता काही वर्षं झाली. तो पीत नाही, तिच्या अंगावर हात टाकत नाही. दोन्ही गोळ्या चालू आहेत. स्वतःच्या साड्या ती परत नेसते. गोळ्या न्यायला बहुतेक वेळा तीच येते.

मागच्या खेपेला ती आली तेव्हा दवाखान्यात गर्दी नव्हती. गोळ्या पिशवीत टाकून ती उठली नाही. तिनं सांगितलं की मधे एकदा जेवताना त्यानं अचानक विचारलं, ती बाई कुठं गेली? तिला आधी समजलं नाही. मग त्यानं नीट समजावून सांगितलं, की तू नव्हतीस तेव्हा एक बाई होती घरात. चांगली होती. मी बरा झालो त्या गडबडीत ती कधी गेली ते कळलंच नाही, तिला नीट निरोप द्यायचा राहिला.

तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"म्हणले, तिच्या गावाला गेली. जाताना मला सगळं सांगून गेली. तुम्ही तिच्यापाशी माझ्याबद्दल जे जे बोलला ते."

त्यावर तो ताट घेऊन मोरीवर गेला. त्यानंतरही महिन्या-दोन महिन्यांनी तो त्या बाईची चौकशी करतो. कुणाकडून काही समजलं का, बरी आहे का. आणि ती सांगते की बरी आहे.

माझं काम मला माहीत होतं. भ्रमाचा एक तुकडा शिल्लक होता, डोस थोडा वाढवायला हवा होता. मी पेन उचललं तर तिनं कागदावर हात ठेवला आणि राहू द्या म्हणाली. मग दाराकडे बघून, "मलाबी कधी कधी वाटतं म्याडम, ती होतीच. मी एवढी निवांत त्यांच्यासंगं कधीच बोलली न्हवते. त्या घरात त्या टायमाला जी बसायची ती मी न्हवते. मला तर नीट आठवतबी न्हाई, मी कुठं होते."

हे ती हसत बोलली नाही, रडतही बोलली नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले. हनुवटीवरचं गोंदण, मनगटावरचा डाग. पुढची तारीख विचारून ती रिक्षा पकडायला खाली गेली. डोस मी होता तेवढाच ठेवला.